हार्ट अटॅकनंतर घरी आलेले आजी-आजोबा : धोका कसा ओळखायचा?



या पाठात आपण एकाच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. घरातल्या सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला हार्ट अटॅक आला, उपचार झाले, डिस्चार्ज मिळाला. पुढचे दिवस त्यांच्यासाठी किती धोक्याचे आहेत, हे कशावरून ओळखायचे?

हा विषय घेण्याचे कारण असे की, पेशंट घरी आल्यावर बहुतेक घरांत दोनपैकी एक चूक होते. काही घरांत म्हणतात, "स्टेंट टाकला, आता काळजी मिटली." महिना-दोन महिन्यांत गोळ्या मागे पडतात. काही घरांत उलटे होते. "आता वय झाले, यांना खाटेवरून उठूच द्यायचे नाही," असे ठरते आणि चालते-बोलते माणूस अंथरुणाला खिळते. दोन्ही घरांचा जीव आपल्या माणसावर आहे. पण धोका नेमका कुठे आहे हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

अटॅकनंतरचा पहिला महिना सर्वांत नाजूक असतो. त्यानंतरचे पाच-सहा महिनेही सांभाळण्याचे असतात. हे सगळे दिवस पेशंट डॉक्टरांसमोर नसतो, आपल्या घरात असतो. म्हणून धोका ओळखण्याचे अर्धे काम दवाखान्याचे आणि अर्धे काम घराचे, हे या पाठाचे सार आहे.

१. दवाखाना काय मोजतो?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या भागाचे स्नायू मरू लागतात. यालाच हार्ट अटॅक म्हणतात. पेशंट दाखल झाल्यावर धोका किती आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टर काही ठरावीक गोष्टी पाहतात. जगभर वापरली जाणारी 'ग्रेस' नावाची एक मोजणी आहे. तिच्यात आठ गोष्टी धरतात : वय, नाडीचा वेग, वरचे ब्लड प्रेशर, किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, छातीत पाणी साचल्याची म्हणजे हृदय कमजोर पडल्याची लक्षणे, ईसीजीतला बदल, रक्तातली हृदयाच्या इजेची तपासणी आणि दाखल होताना हृदय बंद पडले होते का.

डिस्चार्ज कार्डावर यातल्या बऱ्याच गोष्टी लिहिलेल्या असतात. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने ते कार्ड फाइलमध्ये बंद करून ठेवू नये, वाचावे. पुढील पाच गोष्टी शोधाव्यात.

एक, टू-डी इकोतील 'ईएफ'. हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्या आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलते, तो हा आकडा. पुष्कळ लोक '५५ टक्के' वाचून घाबरतात, की बाकीचे हृदय गेले. तसे नाही. निरोगी माणसाचेही ईएफ साधारण ५५ ते ७० असते. ते ४० किंवा त्याहून कमी असेल, तर मात्र हृदय कमजोर झाले आहे असे समजावे.

दोन, क्रिएटिनिन. म्हाताऱ्या, बारीक माणसाच्या अंगात मांस कमी असते. त्यामुळे किडनी कमजोर असूनही हा आकडा वरवर ठीक दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे, "वयाच्या मानाने किडनी कशी आहे?" काही गोळ्यांचे प्रमाण त्यावरच ठरते.

तीन, हिमोग्लोबिन. रक्त कमी असेल तर हृदयावर ताण पडतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव झाला तर धोकाही वाढतो.

चार, किती रक्तवाहिन्यांत अडथळा होता, स्टेंट टाकला की फक्त औषधावर ठेवले, आणि आणखी काही करायचे बाकी आहे का.

पाच, शुगर आणि ब्लड प्रेशर डिस्चार्जच्या दिवशी किती होते.

२. कागदावर न येणारा धोका

आता समजा, आपल्या वस्तीत ७६ वर्षांच्या दोन आजी आहेत. दोघींना सारखाच अटॅक आला. दोघींचे ईएफ ४५. कागदावर दोघींचा धोका जवळपास सारखा आहे. पण पहिल्या आजी आठवड्याभरात स्वतः उठून मोरीपर्यंत जातात, पोटभर जेवतात, कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची ते बरोबर सांगतात. दुसऱ्या आजींना उठायला दोघांचा हात लागतो. कानांनी कमी ऐकू येते. वर्षभरापासून अंग उतरत चालले आहे. विचारले की म्हणतात, "काही खरं नाही माझं."

या दोघींचा धोका सारखा आहे का? नाही. आणि हे फक्त आपल्या अनुभवाचे बोलणे नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सिल्व्हर-एएमआय' नावाचा मोठा अभ्यास केला. २०१३ ते २०१६ या काळात ९४ रुग्णालयांतील, अटॅक आलेल्या ७५ वर्षे व त्यावरील ३,००० हून अधिक रुग्णांची त्यात पाहणी झाली. नेहमीच्या तपासण्यांबरोबर त्यांनी या माणसांना चालवून पाहिले, ऐकू येते का पाहिले, स्मरण तपासले, वजन उतरले का विचारले. सहा महिन्यांत कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे हे ठरवताना चार साध्या गोष्टी उपयोगी पडल्या : चालणे कमजोर असणे, ऐकू कमी येणे, वजन उतरलेले असणे, आणि स्वतःची तब्येत कशी वाटते याचे त्या माणसाने दिलेले उत्तर.

तिथल्या लोकांचे राहणीमान, उपचार, खाणेपिणे आपल्यासारखे नाही. म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे आपल्या आजींना लावता येणार नाहीत. पण काय पाहायचे याची दिशा मात्र आपल्यालाही लागू पडते. या चारही गोष्टी पाहायला मशीन लागत नाही. घरातल्या माणसाचे डोळे आणि थोडा वेळ पुरतो.

३. घरी करायच्या पाच तपासण्या

*चालणे.* डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली असेल आणि माणूस घरात चालत असेल, तरच ही तपासणी करावी. एक जण शेजारी उभा राहावा. पाठीची खुर्ची ठेवा. तिच्यापासून दहा फुटांवर खडूने रेघ ओढा; दहा बाय दहाच्या खोलीत जागा नसेल तर दारासमोरच्या सपाट गल्लीत. आजी-आजोबांनी खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. काठी घेत असतील तर घेऊ द्या. मोबाइलवर वेळ मोजा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली तर लगेच थांबा. आलेला आकडा वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. एका आकड्यावरून घाबरून जाऊ नये. पण आधी १४ सेकंद लागत होते आणि दोन आठवड्यांनी २० लागू लागले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

आपल्या वस्तीत याहून खरी परीक्षा म्हणजे सार्वजनिक संडास. तिथपर्यंतची गल्ली, पायऱ्या, रांग, हातातले डबडे, रात्रीचा अंधार. डॉक्टर विचारतात, "चालता येते का?" आपण म्हणतो, "हो, येते." त्यापेक्षा असे सांगावे : "संडास शंभर पावलांवर आहे. जाताना दोनदा थांबावे लागते." यातून डॉक्टरांना जास्त कळते.

*ऐकणे.* दवाखान्यात डॉक्टर बोलतात आणि आजी मान हलवतात. पुष्कळदा त्यांना ऐकूच आलेले नसते, पण लाजेने सांगत नाहीत. घरी येऊन गोळी चुकते. म्हणून "कळले का?" असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी "हो" येते. "आजी, आता तुम्ही मला सांगा, रात्री कोणती गोळी घ्यायची?" असे विचारावे. कानात मळ साचला असेल तर तो काढून घेण्यानेही फरक पडतो. दिसणेही असेच तपासावे. पांढरी छोटी गोळी आणि दुसरी पांढरी छोटी गोळी यांतला फरक त्यांना दिसतो का?

*वजन.* वजन दोन्हीकडे बोलते. हळूहळू उतरणे म्हणजे ताकद जाणे. वर्षभरात काही न करता साडेचार-पाच किलो कमी झाले, ब्लाउज सैल झाले, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, तर सांगा. उलट, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साचलेले पाणी आहे. पाय सुजतात, आडवे झाले की धाप लागते, रात्री उठून बसावे लागते. हृदय कमजोर पडत असल्याची ही खूण आहे; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कधीकधी दोन्ही एकदम होते. हात-पाय काटकुळे आणि पावले सुजलेली, म्हणून काट्यावर वजन तेवढेच दिसते. त्यामुळे काट्याबरोबर नडगीही पाहा. बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो का? वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, एकाच काट्यावर करावे. काटा चार घरांत मिळून एक घेतला तरी चालतो.

*मन आणि स्मरण.* दवाखान्यातून आल्यावर काही ज्येष्ठ एकदम गोंधळतात. रात्री ओरडतात, माणसे ओळखत नाहीत, दिवस-रात्र उलटी होते. याला "म्हातारचळ" म्हणून सोडून देऊ नये. बदल अचानक झाला असेल तर आत काहीतरी बिघडलेले असते : इन्फेक्शन, अंगातले सोडियम कमी होणे, एखाद्या गोळीचा परिणाम, लघवी अडकणे, किंवा दुसरा अटॅकसुद्धा. लगेच दाखवावे. दुसरीकडे, कोणी गप्प गप्प होतात, जेवण सोडतात, विहारात यायचे म्हणत नाहीत. अटॅकनंतर उदासी येणे हेही आजाराचेच अंग आहे. त्यावर उपचार आहेत, तेही डॉक्टरांना सांगावे.

*त्यांचे स्वतःचे मत.* "तब्येत कशी आहे?" या प्रश्नाला आपल्या आया-आज्यांचे ठरलेले उत्तर असते : "बरी हाय." म्हणून वेगळे विचारावे. "अटॅकच्या आधी तुम्ही करत होता आणि आता होत नाही, असे काय आहे?" उत्तर येते : "अंघोळ करताना दम लागतो." "भाकरी थापायला बसले की छाती भरून येते." हेच डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे.

आम्ही येथे मुद्दामच गुणांची बेरीज दिलेली नाही. अमुक इतके गुण म्हणजे इतका धोका, असे घरी ठरवायचे नसते. घराने पाहायचे, लिहायचे आणि सांगायचे. अर्थ लावणे डॉक्टरांचे काम आहे.

४. सांगणे हीसुद्धा सेवा

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. त्याला पोटाचा आजार झाला होता आणि तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. त्याने इतरांसाठी काही केले नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग भिक्खूंना बजावले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही हा प्रसंग घेतला आहे.

त्याच ठिकाणी पुढे चांगला आजारी कोण आणि चांगला शुश्रूषक कोण, हे सांगितले आहे, ते फारसे वाचले जात नाही. चांगला आजारी आपल्याला मानवेल तेच करतो, प्रमाण राखतो, औषध घेतो, दुखणे सोसतो, आणि आजार वाढला की कमी झाला की तसाच आहे, हे शुश्रूषकाला खरे सांगतो. चांगला शुश्रूषक औषध देऊ शकतो, काय मानवते काय नाही हे जाणतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, घाणीची किळस करत नाही आणि आजाऱ्याला धीर देतो.

आपल्या घरांत यातली 'खरे सांगणे' ही गोष्ट सर्वांत अवघड जाते. आजोबा धाप लपवतात, कारण मुलाचा खाडा पडेल. आजी छातीतली कळ लपवते, कारण नातवाची फी भरायची आहे. "माझ्यावर खर्च नको" या तीन शब्दांमुळे किती माणसे उशिरा दवाखान्यात पोहोचतात! मुला-सुनांनी हे ओझे त्यांच्या मनावरून उतरवले पाहिजे. त्यांना स्पष्ट सांगावे : "आई, तू लवकर सांगितलेस तर खर्च कमी होईल. लपवलेस तर वाढेल." हे समजूत काढण्यासाठी नव्हे, खरेच तसे आहे.

दवाखान्यातही आपले म्हणणे नीट ऐकून घेतले जातेच असे नाही. गर्दी असते, वेळ थोडा असतो, आणि आपल्या लोकांना आवाज चढवून गप्प केल्याचा अनुभवही नवा नाही. म्हणून तोंडी सांगण्यावर राहू नका. एक वही करा. तारीख, वजन, ब्लड प्रेशर, चालण्याचे सेकंद, धाप, सूज, जेवण, चुकलेल्या गोळ्या, एवढेच रकाने. तपासणीला जाताना वरच्या पानावर तीनच प्रश्न लिहून न्या. लिहिलेला कागद पुढे ठेवला की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. डिस्चार्जनंतरची पहिली तपासणी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत असते. ती चुकवू नका.

५. घरात धोका वाढवणाऱ्या गोष्टी

*गोळ्या बंद करणे.* स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. तिच्यात पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉरसारखी दुसरी गोळी देतात, बहुधा वर्षभर. रक्तस्रावाची भीती असलेल्या ज्येष्ठांना डॉक्टर कमी मुदतीसाठीही देतात. ही मुदत डॉक्टरांनीच ठरवायची. बरे वाटते म्हणून, पैसे संपले म्हणून, दात काढायचा आहे म्हणून आपल्या मनाने बंद केली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो. पैशाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना सांगा. जनऔषधी केंद्रात हीच औषधे मूळ नावाने बरीच स्वस्त मिळतात. मात्र पाकिटावरचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. जुन्या कंपनीची आणि नवीन स्वस्त, अशी एकच गोळी दोन नावांनी दोनदा घेतली जाते, हा घोटाळा वारंवार होतो.

*गुडघेदुखीच्या गोळ्या.* मेडिकलमधून मागून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या अटॅक आलेल्या ज्येष्ठाला घातक आहेत. पोटात रक्तस्राव, किडनीवर ताण, अंगात पाणी साचणे आणि पुन्हा अटॅक, असा चारही बाजूंनी धोका वाढतो. दुखण्यासाठी काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. शौच डांबरासारखे काळे झाले, लघवीतून रक्त आले, तर गोळ्या स्वतः न थांबवता लगेच दवाखाना गाठा.

*लघवीची गोळी आणि संडासचा प्रश्न.* साचलेले पाणी काढण्यासाठी लघवी वाढवणारी गोळी देतात. आमच्या आज्या-मावश्या ती गुपचूप टाळतात, कारण दर तासाला सार्वजनिक संडासात कोण जाणार? काही जणी पाणीच पीत नाहीत. हा हट्ट नव्हे, ही अडचण आहे. घरात पडदा लावून बादली किंवा भोकाची खुर्ची ठेवा. गोळी सकाळी घेतली तर चालेल का, पाणी दिवसाला किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत घाम फार जातो. ही गोळी चालू असताना चक्कर आली, तोंड कोरडे पडले तर त्यांना कळवा. उठताना आधी मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणे फार महागात पडते. पडल्यावर जखम दिसली नाही तरी दाखवून घ्या.

*मशेरी, तंबाखू, बिडी.* डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" आजी खरेच सांगतात, "नाही." मशेरीचे नाव निघत नाही. मशेरी आणि तोंडातला तंबाखूही नाडी आणि ब्लड प्रेशर वाढवतो. हे सांगायलाच हवे आणि सोडायलाच हवे. घरातल्या इतरांनी घरात बिडी ओढली तर तो धूरही त्यांच्याच छातीत जातो.

*मीठ आणि उपासमार.* दिवसभराचे सगळे मिळून मीठ एका चहाच्या चमच्याएवढेच असावे. सुकट, बोंबील, पापड, लोणचे, फरसाण यांत मीठ फार असते. पण पथ्याच्या नावाखाली आजोबांना नुसत्या पेजेवर ठेवू नका. अंग उतरणे हाही धोकाच आहे, हे आपण वर पाहिले. वरण, उसळ, अंडे, ताजी मासळी थोडी थोडी, चार वेळा द्यावी. किडनीचा किंवा शुगरचा आजार असेल तर प्रमाण विचारून घ्यावे.

*खाट.* डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घरातल्या घरात चालणे लवकर सुरू करावे. आधी पाच मिनिटे, मग हळूहळू वाढवावे. चालताना बोलता आले पाहिजे; बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. हंडा-कळशी उचलणे, माळ्याच्या उभ्या शिडीवर चढणे मात्र बंद. फ्लूची लस घेऊ का, हेही विचारून ठेवावे. अटॅक आलेल्यांना तिचा उपयोग होतो.

६. केव्हा थांबायचे नाही?

ज्येष्ठांमध्ये, विशेषतः शुगर असलेल्यांमध्ये, दुसरा अटॅक छातीत न दुखताही येतो. पुढीलपैकी काही झाले तर वाट न पाहता १०८ वर फोन करा : छातीत दाब किंवा कळ, जबडा-खांदा-पाठीत दुखणे, विश्रांती घेत असताना धाप, थंड घाम, कारण नसताना उलटी आणि भयंकर थकवा, बेशुद्धी, अचानक गोंधळ, तोंड वाकडे होणे, न थांबणारा रक्तस्राव. गॅस झाला असेल म्हणून सोडा पाजत बसू नका. हृदयाचा स्नायू मिनिटा-मिनिटाने मरत असतो. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण तिने ब्लड प्रेशर उतरून माणूस पडू शकतो. ती घेऊन पाच मिनिटांत आराम पडला नाही तर निघा.

वस्तीतली अडचण अशी की ॲम्ब्युलन्स नाक्यापर्यंत येते, गल्लीत येत नाही. म्हणून आजच ठरवून ठेवा : फोन कोण करणार, नाक्यावर कोण उभे राहणार, खुर्चीत बसवून उचलायला कोणती दोन-तीन मुले येणार, फाइल आणि गोळ्यांची पिशवी कुठे टांगलेली आहे. आजारी माणसाला चालवत नाक्यावर नेऊ नका.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात मिळतात. तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड लागते. कार्ड दुखणे येण्याआधी काढून ठेवा, मध्यरात्री ते निघत नाही.

७. स्वाध्याय

रविवारच्या वंदनेनंतर विहारात हा पाठ मोठ्याने वाचावा आणि पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. आपल्या वस्तीत अटॅक येऊन गेलेले ज्येष्ठ किती आहेत? त्यांच्यापैकी एकटे कोण राहतात?

२. आपल्या घरातल्या ज्येष्ठाच्या डिस्चार्ज कार्डावर ईएफ, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन किती लिहिले आहे?

३. ते खुर्चीतून उठून दहा फूट जाऊन परत येण्यास किती सेकंद घेतात? महिन्याभरापूर्वी किती घेत होते?

४. कोणती गोळी कशासाठी, हे ते स्वतः सांगू शकतात का?

५. रात्री दोन वाजता त्रास झाला तर नाक्यावर कोण उभे राहील? त्याचे नाव आत्ताच लिहा.

विहाराने एक वजनकाटा, एक ब्लड प्रेशरचे मशीन आणि एक पाठीची खुर्ची ठेवली, आणि महिला मंडळातल्या दोन ताई व दोन तरुण मुलांनी महिन्यातून दोन रविवार ज्येष्ठांच्या वह्या भरून दिल्या, तर वस्तीतल्या एकाही आजी-आजोबांची तब्येत उतरत असताना ती कोणाच्या नजरेतून सुटणार नाही. ज्यांच्याकडे पाहायला कोणी नाही, त्यांच्या वहीपासून सुरुवात करावी. त्या आजारी भिक्खूकडेही पाहायला कोणी नव्हते.

जय भीम. नमो बुद्धाय.